शीग लावून की हात फिरवून?

मी एक काल्पनिक जग रचतेय, त्यातल्या खोऱ्याबद्दलचा ताईचा प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाही. "तुझ्या खोऱ्यातल्या कुंभाराला धान्य शीग लावून मिळतं, की हात फिरवून?" म्हणजे माप वर ढीग येईपर्यंत भरून, की काठाशी सपाट करून.

बाकी हिशोब बसलाय. शेतकऱ्यांची 45 घरं, कुंभाराकडे खाणारी तोंडं 5. माणशी रोज अर्धा किलो धरलं, तर वर्षाला 900 किलोच्या थोडं वर, म्हणजे घरटी साधारण 20 किलो. लागतील तेवढी मडकी वर्षभर न्यायची आणि सुगीला खळ्यावर वाटा घालायचा, आपल्या बलुतेदारीसारखं. गावात हातोहात अदलाबदल मुद्दाम ठेवलेली नाही. 12 जिन्नस म्हटले की दर जोडीला एक असे 66 दर होतात, ते कोण लक्षात ठेवणार? शिवाय कुंभाराला लोकर हवी असते तेव्हा धनगराला मडकं नको असतं. निव्वळ अदलाबदलीवर चाललेल्या अर्थव्यवस्थेचं एकही उदाहरण नोंदलेलं नाही, असं मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी 1985 सालीच लिहिलंय. परक्यांशी ती शोभते. आसामात मोरीगाव जिल्ह्यातल्या जोनबील मेळ्यात डोंगरातले लोक आलं-हळद देऊन पिठे (तांदळाचा खाऊ), सुकी मासळी नेतात. तसंच माझं मीठ आणि लोकर, खिंडीतल्या जत्रेत.

पण माप देणाऱ्याच्याच हातात. पायली तीच, वर शीग चढली तर बरकत. काठावरून तळवा फिरला की तेवढं धान्य परत त्याच्याच राशीत. घरटी एक मूठ कमी पडली, तरी 45 मुठी गेल्या. कुंभार बोलणार नाही, पुढच्या सुगीला त्याच खळ्यावर उभं राहायचंय. आबा सांगायचे त्या खळ्यावरही... जाऊ दे.

फार वाईट वाटलं. दोन चंद्र दिले, उडणारे बैल दिले, आणि खळ्यावर उभा आहे तो हात मात्र इथलाच. मग जग नवं केलं कशाला?

संध्याकाळी सुचलं, मापं मातीचीच असू देत. म्हणजे ती कुंभारच घडवणार. तर मग तोही लबाडी करू शकतो! ओली माती वाळून, भाजून प्रत्येक बाजूने दहा टक्के आक्रसली, तर आत मावणारं धान्य 27 टक्क्यांनी घटतं. माप मोठं हवं असेल तर ओलं असतानाच वाढवून घडवायचं, बघणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून देवळात दगडी माप ठेवलं, सुगीआधी प्रत्येक पायली त्याच्याशी ताडायची. भांडण मिटत नाही, पण आता दोघांच्याही हातात काहीतरी आहे. एवढं पुरे वाटतंय. माणसं आहेत तिथे मापावरून तंटा होणारच, तो चव्हाट्यावर व्हावा.

दुष्काळाचं अजून ठरत नाही. पीक निम्मं आलं आणि ठरलेले 20 किलो द्यायचे म्हटलं तर शेतकरी उपाशी; वाटा निम्मा केला तर कुंभाराकडे सहा महिन्यांचंच धान्य. सध्या निम्मा वाटाच ठेवते, आणि उरलेल्या सहा महिन्यांसाठी गावाचं सामाईक पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. त्याचं झाकण कोण उघडणार, हे उद्या ताईलाच विचारते.