क्वेरीवरची तारीख

खुनाच्या अपिलात वकिलाच्या हाती येतं ते पेपरबुक. जबान्या, पंचनामे, सगळं टाइप करून शिवलेलं. आमच्या ग्वाल्हेर खंडपीठात बरेच जण तेवढं वाचून उभे राहतात. मी मूळ रेकॉर्ड काढून बघते, म्हणून रेकॉर्डरूमचे बाबू मला बघून कपाळाला आठ्या घालतात.

हे प्रकरण विधी सेवेतून, म्हणजे सरकारी मोफत वकिलीच्या मदतीतून आलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला शिंपी, मराठीच. दोस्ताच्या खुनात कलम ३०२, जन्मठेप. डोळ्यांनी पाहणारा कोणी नाही. पुरावे दोन: चहावाल्याने संध्याकाळी दोघांना याच्या मोटरसायकलवर जाताना पाहिलं, आणि याने झुडपातून 'काढून दिलेला' सुरा. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण तिच्यामुळे वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो (२०२४ पर्यंत पुरावा अधिनियमाच्या कलम २७ खाली). म्हणून सुरे झुडपातच सापडतात, आणि पंच ठाण्यासमोरच्या टपरीवरचे असतात.

मेमोरेंडम, म्हणजे सुरा कुठे आहे ते आरोपीने सांगितल्याची नोंद, १४ तारखेच्या दुपारचं, जप्ती त्याच संध्याकाळची. अगदी चोख. जप्तीनंतर विवेचक, म्हणजे तपास अधिकारी, हत्यार डॉक्टरांकडे पाठवून विचारतो, या जखमा याने होऊ शकतात का? याला आम्ही क्वेरी म्हणतो. पेपरबुकात उत्तर होतं, 'होऊ शकतात'. तारीख टाइप करायची राहिलेली. मूळ कागदावर मात्र डॉक्टरांनी सुऱ्याचं चित्र काढलं होतं, पात्याची लांबी-रुंदी लिहिली होती, आणि सहीखाली निळ्या शाईत तारीख: १२. ठाण्याच्या पत्राचा जावक क्रमांकही १२ चाच. झुडपातून १४ ला निघालेला सुरा दोन दिवस आधीच दवाखान्यात मोजून, सील होऊन परत गेला होता. आणि शिंप्याची अटक १३ ची.

ज्युनिअरला दाखवलं. म्हणाला, "ताई, टायपिंगची चूक असेल." हाताने लिहिलेल्या कागदात!

हा कागद ट्रायलपासून प्रदर्श, म्हणजे पुराव्यातली निशाणी, म्हणून फायलीत पडून होता. बचावाच्या वकिलांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: पडल्याने अशा जखमा होऊ शकतात काय? छातीवर चार वार, आणि हा प्रश्न! सेशनच्या निकालात १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणातली परिस्थितिजन्य पुराव्याची पाचही सूत्रं शब्दशः उतरवलेली. पुढच्याच परिच्छेदात सुरा सिद्ध. सूत्रं उतरवायला टायपिस्ट पुरतो.

सुनावणीत सरकारी वकील म्हणाले, लिपिकीय भूल. न्यायमूर्तींनी मूळ कागद मागवला, दोघांनी वाकून पाहिला. ठाणंही चुकलं आणि डॉक्टरही, तेही एकाच तारखेवर? उत्तर आलं नाही. एफएसएलमध्ये, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, सुऱ्यावर माणसाचं रक्त निघालं होतं, पण गट कळला नव्हता. उरला चहावाला. एवढ्यावर जन्मठेप टिकत नाही. शिंपी सुटला, नऊ वर्षांनी.

पण तो सुरा १२ ला ठाण्यात आला कुठून? कोणीतरी आणून दिला असेल, किंवा कोणाकडून तरी निघाला असेल. ज्याच्याकडून निघाला त्याचं नाव एकाही कागदावर नाही. माझ्या अपिलाला हा प्रश्न विचारायची गरज नव्हती, मी विचारलाही नाही. मेलेल्या पोराचा बाप मात्र कोर्टाच्या जिन्यात माझ्याकडे असा बघत होता की मीच पोराचा मारेकरी सोडवला.

भरपाईचं म्हणाल तर विधी आयोगाने २०१८ मध्ये, २७७ व्या अहवालात, अशा लोकांसाठी कायदा सुचवला. तो झाला नाही. २०२२ मध्ये जबलपूरला आमच्याच हायकोर्टाने तेरा वर्षांहून जास्त आत राहिलेल्या भोपाळच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला निर्दोष सोडून ४२ लाख द्यायला सांगितले, पण ते त्या प्रकरणापुरतं. मी शिंप्याला म्हटलं, आपणही याचिका लावू. तो म्हणाला, "ते राहू द्या ताई, आधी माझी गाडी सोडवा."

ती अजून ठाण्याच्या आवारात आहे, टायर गेलेली. ती परत मिळावी म्हणून अर्ज लावलाय. बाबूने आरसीची मूळ प्रत मागितली आहे. ती गाडीबरोबरच जप्त झालेली.