टिपाड घासायचा वार

चौथीचा परिसर अभ्यासाचा तास होता. शाळेमागच्या टिपाडातलं पाणी मी काचेच्या बरणीत भरून वर्गात आणलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"बाई, उलट्या का लटकल्यात?"

शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून त्या श्वास घेतात, हे कळल्यावर मुलं बरणीपासून हलेनात.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून दारात टिपाड, मोरीत पिंप, स्वयंपाकघरात हंडे-कळश्यांची उतरंड. पाणी जपून वापरणं या मुलांना मी काय शिकवणार! पण साठवणीचं पाणी उघडं राहिलं तर डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करायला सांगतात.

फळ्यावर 'कोरडा दिवस' लिहिलं, तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "म्हंजे पाणी ओतून द्यायचं? आमच्याकडं तर परवा सुटणार हाय."

किती खरा प्रश्न! रात्री जागून भरलेलं पाणी कोणती आई ओतू देईल? याचं उत्तर न देता नुसतं 'पाणी ओता' म्हणणं मला पटत नाही. उरलेला तास आम्ही त्यावरच घालवला, तोही टिपाडाभोवती उभं राहून.

जुन्या सुती साडीचं कापड दुहेरी करून बादलीवर बांधलं आणि पाणी त्यातून गाळून घेतलं. कापडावर राहिलेल्या अळ्या उन्हात कोरड्या मातीवर झटकल्या. पाण्याबाहेर त्या जगत नाहीत. गाळलेलं पाणी संडासाला आणि शेवग्याला घातलं. थेंबही गटारात गेला नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम. हा डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेलगत, टिपाडाच्या आतल्या भिंतीला. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. तेव्हा नुसतं रिकामं करून भागत नाही, घासावंच लागतं. एका मुलाने टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या आणल्या होत्या. त्या खरबरीत काठांनी टिपाड असं लख्ख निघालं की दुकानची घासणी नको. शेवटी तोंडाला कापड ताणून बांधलं. पत्र्याच्या झाकणाला फट राहते, कापडाला नाही.

घासताना एक मुलगा म्हणाला, "पाणी सुटायच्या आदल्या दिवशी आमचं टिपाड तळालाच गेलेलं असतंय. तवाच घासलं तर ओतायलाच नको की!"

मला हे सुचलं नव्हतं. लगेच कागद घेतला. प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाणी कधी सुटतं ते सांगितलं आणि त्याच्या आदला दिवस घासण्याचा ठरला. वेळापत्रक बदललं की कागदही बदलायचा, हे काम त्याच मुलाकडे दिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना दोन आया तो तक्ता बघायला वर्गात आल्या. त्यांच्या गल्लीचं नाव राहून गेलं होतं, ते त्यांनी लिहून घेतलं.