दुराणींनी चौहानला थांबवलं ती जागा

मेलबर्नला पाच दिवस होतो. ग्रेट ओशन रोड, बाजारपेठा, किनारे सगळं झालं. पण लिहावंसं वाटतं ते एमसीजीतल्या, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच्या, एका तासाबद्दलच.

मैदान दाखवायला सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते, स्वयंसेवक. मला एकच जागा बघायची होती. 10 फेब्रुवारी 1981 ला इथल्या भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिलीच्या चेंडूवर आपले कर्णधार सुनील गावसकर यांना 70 धावांवर पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागलाय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यात लिली काहीतरी बोलला, आणि सुनीलने सलामीचा जोडीदार चेतन चौहानला सोबत घेऊन थेट मैदानाबाहेरची वाट धरली. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी आडवे आले. चौहानला त्यांनी परत धाडलं, पुढचा फलंदाज वेंगसरकर आत गेला. नाहीतर कसोटी तिथेच सोडून दिल्यासारखी झाली असती.

आमच्या घरी हा प्रसंग शिवचरित्रातल्या प्रसंगासारखा सांगितला जायचा. "आपल्या माणसाने ऐकून घेतलं नाही," हे म्हणताना बाबांचा आवाज चढायचा. मीही तोच आवाज घेऊन तिथे गेलो होतो.

आजोबांना जागा विचारली. ते म्हणाले, तेव्हाचा एकही स्टँड आता उभा नाही, आणि खेळपट्टीसुद्धा बाहेर तयार करून आणून बसवतात. मग हात सदस्यांच्या बाजूला करून म्हणाले, "तिकडेच कुठेतरी."

पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं. त्याच्या नऊच दिवस आधी, 1 फेब्रुवारीला, ते याच मैदानात प्रेक्षक होते. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात न्यूझीलंडला बरोबरी साधायला शेवटच्या चेंडूवर 6 धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला लावला, म्हणजे षटकार मारताच येणार नाही. न्यूझीलंडचा फलंदाज मॅकेक्नीने तो अडवला आणि बॅट फेकून दिली. नियमात बसत होतं सगळं. "आम्ही जिंकलो होतो आणि घरी जाताना मला कोणाशी बोलावंसं वाटेना," आजोबा म्हणाले. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी हे सांगताना त्यांची नजर खाली होती.

माझी भांडायची सगळी तयारी तिथेच गळून गेली. लिलीचा राग मला आजही येतो. पण स्वतःच्या देशाच्या कर्णधाराबद्दल इतकं सरळ बोलणं आपल्याकडे मी फारसं ऐकलेलं नाही. गावसकरांनीही पुढे त्या दिवसाबद्दल खेद व्यक्त केला, आमच्या घरच्या गोष्टीत मात्र तो कधी आला नाही. आणि ज्याचा खरा अभिमान वाटावा, ते तर दुसऱ्या दिवशी घडलं. ऑस्ट्रेलियाला 143 हवे होते. मांडीच्या दुखापतीमुळे आदल्या संध्याकाळी गोलंदाजीही न केलेल्या कपिलने 28 धावांत 5 बळी घेतले, पायाचं हाड मोडलेलं असताना फिरकीपटू दिलीप दोशींनी षटकं टाकली, आणि ऑस्ट्रेलिया 83 त संपली. मालिका 1-1. दुराणी आडवे आले नसते तर यातलं काहीच झालं नसतं.

गट पुढे गेला, मी गवताच्या कडेला उभा राहिलो. आत पाऊल टाकायला परवानगी नव्हती.

रात्री बाबांना फोन केला, आजोबांचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना दोशीच्या पायाचं सांगितलंस का?"

सांगायचं राहून गेलं होतं.