तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं मुलंच करतात का?

शाळेच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे, तोंडात कापूस असताना लोकांनी मला हे विचारलंय: "तुमच्या शाळेतले ते प्रकल्प, समाजसेवा वगैरे, मुलं खरंच स्वतः करतात का हो? की तुम्हीच करता नि नावं मुलांची?"

पुण्यातल्या एका छोट्या विनाअनुदानित शाळेत मी नववीचा प्रकल्पाचा तास घेते. मुलं मला ताई म्हणतात. खरं उत्तर द्यायचं तर पहिली दोन वर्षं सगळं मीच करत होते. विषय माझा, फोन माझे, बसची सोय माझी, मुलांनी फक्त बसायचं आणि उतरायचं. एका वर्षी १५ ऑगस्टला वृद्धाश्रमात केळी वाटायला गेलो. एक आजोबा केळं हातात घेऊन म्हणाले, "बाळ, गेल्या रविवारी पण केळीच होती." परत येताना बसमध्ये मुलं या वाक्यावर पोट धरून हसत होती. मला काही हसू आलं नाही.

माझ्या शाळेत कार्यानुभव असायचा, म्हणजे आईनं शिवलेला रुमाल आपला म्हणून दाखवायचा. कल्पना तशी बरी होती. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हातानं काम करत शिकण्याची योजना मांडली. पुढे १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव सुचवलं. त्याचं वर्गात काय होतं ते तुम्हीही पाहिलंय. आता तर स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्पच मिळतात, नाव घालायची जागा कोरी सोडून.

तिसऱ्या वर्षी ठरवलं, विषय मुलांचा आणि मी खडूला हात लावायचा नाही. मुलांनी निवडलं गणपती विसर्जन. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात नुसती भिजत पडते, विरघळत नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यावर घरगुती उपाय शोधलाय. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट बादलीभर पाण्यात घालायचं आणि मूर्ती त्यात बुडवायची. पावडर साधारण मूर्तीच्या वजनाइतकी लागते. दर दोन-तीन तासांनी ढवळत राहिलं की दोनेक दिवसांत तळाला कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडांना घालता येतं. "म्हणजे ताई, खाली खडू!" एक जण ओरडला. विज्ञानाच्या सरांनी त्याचा आनंद फार टिकू दिला नाही. फळ्यावरचा खडू हल्ली बहुतेक जिप्समचाच असतो, म्हणजे प्लास्टरचाच सख्खा भाऊ.

निर्माल्यही गोळा करायचं होतं. गल्लीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना मुलांनी मोठ्या उत्साहानं योजना सांगितली. मावशी पुण्यातल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद. त्यांनी ऐकून घेतलं आणि हाताचा पंजा पुढे केला. बोटांना बारीक काळे ठिपके होते. "हारातल्या टाचण्या काढून द्या. बाकीचं आम्ही बघतो." मुलांचं पोस्टर तोवर छापून झालं होतं, 'पवित्र निर्माल्य, पवित्र नदी'. खाली पेननं लिहिलं: टाचण्या काढून द्या. ती एकच ओळ लोकांनी वाचली.

दीड दिवसाच्या सहा मूर्ती झकास विरघळल्या. पिंपात सोडावॉटरसारखा फेस यायचा आणि वेळापत्रक लावून मुलं आळीपाळीनं बांबूनं ढवळायची. अनंत चतुर्दशीला तेवीस मूर्ती आल्या. पावडर मोजायला पोतं रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवलं, तर साडेसहा किलो कमी.

आता इथे मी हात घालायला हवा होता का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत वर्गात निकाल लागला: चोरी. पोतं कोठीच्या खोलीत, कोठीची किल्ली वॉचमनकाकांकडे. कुणी स्पष्ट बोललं नाही, पण दोघं जण जाऊन, "काका, रात्री इकडे कुणी आलं होतं का?" असं विचारून आले. ज्या आवाजात विचारलं तो आवाज मला माहीत आहे. तो घरून शिकून येतो.

ढवळायच्या पाळीला नेहमी नाकाला ओढणी लावणारी एक मुलगी होती, फारशी न बोलणारी. ती म्हणाली, "पण नाकाला झोंबतंय, म्हणजे पोत्यातलं काहीतरी हवेत जातंय ना?" सरांनी उत्तर न देता एका बशीत १०० ग्रॅम पावडर ठेवली. दुसऱ्या दिवशी भरली कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. बशीजवळ कुणी फिरकलं नव्हतं. ही पावडर उघडी राहिली की आपोआप उडून जाते. अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ, मागे काही उरत नाही. दहा दिवस पोत्याचं तोंड उघडं होतं. मुलांनीच ठेवलं होतं.

उरलेली पावडर तेवीस मूर्तींत वाटली, ती पुरली नाही. तिसऱ्या दिवशीही पिंपात सोंडांचे आणि पोटांचे तुकडे तरंगत होते. आणखी पावडर आणायचे पैसे वर्गणी काढून जमवावे लागले. मग मुलं तेवीस घरी सांगत फिरली की तुमच्या बाप्पाला अजून दोन दिवस लागतील. एका घरी चहा मिळाला, एका घरी शिव्या.

काकांची माफी मागायची मुलांनी मला गळ घातली. "ताई, तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतील." मी नाही म्हटलं. दोन दिवस त्यांनी कागद लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. शेवटी कागद न घेताच ते दोघं गेले, मी कोपऱ्यावर उभी. काका म्हणाले, "तुम्ही विचारलंत तेव्हाच कळलं होतं मला." मग जरा थांबून म्हणाले, "माझी खोली कोठीच्या भिंतीला लागून. दहा रात्री डोळे चुरचुरत होते. सुतळी मागितली असती तर पोतं मीच बांधून दिलं असतं."

संस्थेला पाठवलेल्या अहवालात हा भाग घालायचा का, यावर वर्गात मतदान झालं. १५ विरुद्ध १२ मतांनी घातला. कार्यालयातून फोन आला की एवढं सविस्तर लिहायची गरज नव्हती. बरोबर आहे त्यांचं, पण मतदान झालं होतं.

तेव्हा, मुलंच करतात का? हल्ली हो. म्हणूनच ते दिसायला तितकंसं चांगलं नसतं आणि प्रदर्शनात आमच्या टेबलाशी गर्दी होत नाही.

यंदाच्या नववीला ती प्रकल्पवही दिली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'पोत्याचं तोंड बांधा' असं लिहिलंय. त्यांनी वही चाळली, हसले आणि बाजूला ठेवली. त्यांना गणपती नकोय. त्यांना गल्लीतल्या कुत्र्यांवर काम करायचंय. मला कुत्र्यांची भयंकर भीती वाटते, हे मी अजून वर्गात सांगितलेलं नाही.