मंगळवारची ओपीडी

“मॅडम, डीन झाल्यावर ओपीडीत कशाला बसत होतात?” निवृत्त होऊन इंदूरच्या रामबागेत परत आले, तरी लग्नामुंजीत हा प्रश्न कुणीतरी हटकून विचारतं. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी शिकले इंदूरलाच, महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात. कॉलेज 1948चं, पण शहरात डॉक्टरकीचं शिक्षण 1878 पासून चालू आहे. कॉलेजच्या एम. वाय. हॉस्पिटलच्या वॉर्डात झाबुआ, धार, बडवानीकडच्या बायका यायच्या. वय विशी-पंचविशीचं आणि हृदयाची मायट्रल झडप आकसलेली. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा धरतो, त्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं, सांधे सुजतात, ताप येतो, जातो. घरचे विसरूनही जातात. निरोगी झडपेतून दोन बोटं सहज जातील. काही वर्षांनी तिथे जेमतेम पेन्सिल जाईल एवढी फट उरते. बाई गरोदर राहिली की अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते त्या फटीतून पुढे सरकत नाही आणि फुप्फुसांत तुंबतं. यातल्या कितीतरी जणी दम्याची औषधं घेत घेत आमच्यापर्यंत पोचायच्या.

अशाच एका बाईला सरांनी डाव्या कुशीवर वळवलं, “ताई, श्वास सोडा आणि जरा थांबा,” म्हणाले, आणि स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. मला काहीच ऐकू येईना. मी आणखी दाबला. “दाबतेस म्हणून ऐकू येत नाहीये,” सर म्हणाले. “नुसता टेकव.” दाबलं की खालची कातडी ढोलकीसारखी ताणली जाते आणि खर्जातला आवाज नाहीसा होतो. मी हात सैल सोडला आणि लांब कुठेतरी ढग गुरगुरावेत तसं ऐकू आलं. पुढे मी हजारो इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफी, पाहिले, पण शिकवायची वेळ आली की विद्यार्थ्याच्या मनगटाखाली बोट धरून त्याचा हात अलगद उचलायचे. हे वर्गात फळ्यावर शिकवता येत नाही.

1984 साली जपानच्या इनोउए यांनी छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ही झडप रुंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीही शिकले. टेबलावरच बाईची धाप उतरताना बघायला मिळते, त्यासारखं सुख नाही. खासगी हॉस्पिटलांची बोलावणी आली. शिकवणं सुटेल म्हणून गेले नाही.

मग दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात डीन म्हणून बदली झाली. खाटा किती, प्राध्यापक किती, तपासणीला पथक कधी येणार, लिफ्ट का बंद आहे, दिवसभर हेच. यातली एकही गोष्ट बिनमहत्त्वाची नव्हती, लिफ्ट तर नाहीच. तरी मंगळवारची ओपीडी मी सोडली नाही.

एका मंगळवारी चौदा वर्षांची मुलगी आली. झडप नुकती बिघडायला लागलेली. अशा मुलांना दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. त्यानेच पुढचा बिघाड टळतो. तिच्या कार्डावर पहिल्या दोन तारखा होत्या, पुढचे रकाने कोरे. “चुकवलंत का हो?” मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “आलो होतो ना, दर वेळी आलो. रिअ‍ॅक्शन येईल म्हणून कुणी टोचायला तयार होत नाही.”

मी औषधांचं रजिस्टर मागवलं. कुप्या भरपूर शिल्लक होत्या. कागदोपत्री तुटवडा नव्हता, त्यामुळे माझ्या टेबलावर याची फाइल कधी आलीच नसती. आणि माझ्याच कॉलेजात हे चाललं होतं, याची मला फार लाज वाटली.

पुढच्या मंगळवारपासून ओपीडीशेजारची खोली फक्त या इंजेक्शनासाठी ठेवली. रिअ‍ॅक्शन आलीच तर हाताशी अ‍ॅड्रिनॅलिनचा ट्रे, टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवायचं. औषध दुधासारखं दाट, बारीक सुईत अडकतं, दुखतंही फार. म्हणून सिस्टरांना जाड सुई घेऊन सावकाश कसं द्यायचं ते मी स्वतः दाखवलं. पहिले काही आठवडे त्या म्हणायच्या, “मॅडम, तुम्ही इथेच थांबा.” मी थांबायचे. नंतर त्यांना माझी गरज उरली नाही.

माझी तिथून बदली झाली तेव्हा त्या मुलीचं पहिलं कार्ड भरलं होतं आणि त्याला दुसरं स्टेपल केलेलं होतं.