कितवा महिना?

सप्टेंबरातली गोष्ट. ठाणे स्टेशनवर पनवेल लोकलची वाट बघत होते आणि त्याचा फोन वाजला. आमचं संपून महिना उलटला होता, त्यामुळे दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला. "लघवीला जळजळ होत होती, पू येत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. तूही दाखवून घे," एवढं घाईघाईत बोलून त्याने ठेवून दिला. बाकी कसाही असला, तरी हा फोन त्याने केला, एवढं त्याच्या खात्यावर जमा.

मला तर काहीच होत नव्हतं. गाडीत बसले तर समोरच्या पत्र्यावर बंगाली बाबाचं स्टिकर : 'गुप्तरोग, शर्तिया इलाज'. हा शब्द मी आयुष्यभर फक्त लोकलमध्येच वाचलाय. मग दवाखान्यात जाऊन म्हणायचं तरी काय?

घणसोलीला उतरून रिक्षा स्टँडच्या पलीकडे, जरा गर्दी सोडून, १०९७ लावला. एचआयव्हीसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या ताईंनी नाव विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, शेवटच्या संबंधाला किती दिवस झाले? पाच आठवडे. त्यांनी सांगितलं, सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीच्या केंद्रात, एचआयव्ही फुकट बघतात, सिफिलिसचंही तिथेच विचार. पण त्याला जे झालंय ते या रक्तात दिसणार नाही, त्यासाठी डॉक्टरांना दाखव. तोवर मला वाटायचं, 'टेस्ट' म्हणजे एकच काहीतरी असते. रक्त दिलं की सगळं कळतं.

घरापासून चार स्टेशनं लांबचं महापालिकेचं रुग्णालय धरलं. केसपेपरच्या खिडकीवर, "काय दाखवायचंय?" मागे पंधरा माणसं. "त्वचेचं," म्हटलं. खोटं नव्हतं, ओपीडीच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असंच होतं.

डॉक्टरांना मात्र सरळ सांगितलं. लग्न झालंय का, हा प्रश्न आलाच. त्यापाठोपाठ पाळी कधी आली, हाही. एक नर्स माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. डॉक्टर म्हणाल्या, बायकांमध्ये बऱ्याचदा लक्षणं नसतातच, आणि जोडीदाराला त्रास झालाय म्हणजे तुलाही औषध द्यायचं. करड्या रंगाचं एक पाकीट मिळालं. प्रत्येक लक्षणासाठी वेगळ्या रंगाचं किट असतं, हे करडं त्यातलं एक नंबरचं. आत अॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, एकदाच घ्यायच्या गोळ्या. "नक्की काय आहे ते बघायचं असेल तर पीसीआर, म्हणजे थेट जंतू शोधणारी तपासणी, बाहेरून करावी लागेल. आधी नमुना दे, मग गोळ्या घे."

मग आयसीटीसी. तिथे बाकावर माझ्याखेरीज सगळ्या गरोदर बायका. त्या काळात एचआयव्हीची तपासणी करतात, हे मला कुठे माहीत! शेजारच्या मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या. माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "कितवा महिना गं?"

"नाही मावशी, ताप आहे."

"मग तापाच्या माणसाला इथे पोटुशींमध्ये कशाला बसवलं?" आणि त्या खरोखरच नर्सशी भांडायला उठल्या. मी त्यांचा पदर धरून खाली बसवलं.

समुपदेशक मॅडमच्या टेबलावर गणपतीची छोटी मूर्ती, आणि तिच्या शेजारी रुमालाने झाकलेलं काहीतरी. कंडोम कसा लावायचा ते दाखवायला रुमाल काढला तेव्हा कळलं, लाकडी मॉडेल. आधी त्यांनी गणपती उचलून कपाटावर ठेवला. संमतीच्या कागदावर सही घेतली; अठरा पूर्ण असल्याने घरच्यांची लागली नाही. घरी पत्र येईल का, विचारलं तर हसल्या. "२०१७ चा कायदा आहे, तुझ्या परवानगीशिवाय आम्ही कोणाला सांगू शकत नाही."

तासाभराने रिझल्ट त्यांनीच हातात दिला. दोन्ही निगेटिव्ह. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. लागण झाली तरी रक्तात दिसायला वेळ लागतो, पाच आठवड्यांवर मी तुला मोकळी करणार नाही. तीन महिने पूर्ण होऊ दे, परत ये."

खासगी लॅबमध्ये मात्र धडकीच भरली. मोबाइल नंबर सांगितला आणि मुलीने विचारलं, "ईमेल हाच ना?" स्क्रीनवर बाबांचं नाव. गेल्या वर्षी त्यांची डेंग्यूची तपासणी मी माझ्या फोनवरून बुक केली होती, ती नोंद तशीच. हा रिपोर्ट सरळ बाबांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडला असता. नवीन नोंद करून घेतली, स्क्रीन माझ्याकडे वळवून एकेक अक्षर वाचलं. तपासणी लघवीची, पण नेहमीसारखी मधली धार नाही. पहिली धार हवी, आणि त्याआधी तासभर तरी जायचं नाही. मी वाटेत बाटलीभर पाणी पिऊन बसले होते. तो तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. बिल दोन हजारांच्या वर, म्हणजे महिन्याच्या खर्चाचा बोजवारा.

क्लॅमिडिया निघाला, संबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग. काहीही होत नसताना. गोळ्या नमुना दिला त्याच संध्याकाळी घेतल्या होत्या. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, त्या म्हणाल्या, औषध लागू पडणारंच आहे, तीन महिन्यांनी हीपण तपासणी पुन्हा कर. त्याला मेसेज करून नाव कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

हेपटायटिस बी, म्हणजे संबंधातूनही पसरणारी कावीळ, तिची लस लहानपणी झाली होती का, हे बघायला आईकडे लसीकरणाचं कार्ड मागितलं. कॉलेजला लागतंय म्हटलं. तिने गोदरेजच्या कपाटातून पिवळं पडलेलं कार्ड काढलं. तिन्ही डोसांच्या तारखा होत्या. "कार्ड परत आणून दे हं," एवढंच म्हणाली.

नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा त्याच बाकावर. पुन्हा शेजारी एक आजी, हातात केसपेपरची सुरळी.

"कितवा महिना गं, बाय?"

"तिसरा संपला," मी म्हटलं.