कांद्याचं निवेदन नेमकं कुणाच्या नावे लिहायचं?

कांद्याचा भाव पडला की नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा येतो आणि एकाच कागदावर दहा मागण्यांचं निवेदन दिलं जातं. निर्यातशुल्क रद्द करा, नाफेड या सहकारी खरेदी संस्थेनं बाजार समितीत उतरून खरेदी करावी, व्यापाऱ्यानं थकवलेले पैसे मिळवून द्या, क्विंटलमागं अनुदान द्या. यातल्या निम्म्या गोष्टी मुंबईच्या हातात असतात, निम्म्या दिल्लीच्या. जिल्हाधिकारी तो कागद वर पाठवतात आणि तो दोन्ही सरकारांच्या मधोमध लटकतो.

याचं मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथं तीन याद्या आहेत: केंद्राच्या विषयांची संघसूची, राज्याच्या विषयांची राज्यसूची आणि दोघांनाही कायदे करता येतात ती समवर्ती सूची. शेती हा राज्यसूचीतला १४ वा विषय आणि बाजार व जत्रा २८ वा. म्हणून लासलगाव, पिंपळगाव, विंचूरचा लिलाव चालतो तो राज्याच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यानं. व्यापाऱ्याचा परवाना, बाजार फी, काट्यावरची तोलाई, हमाली, हिशोबपट्टीवरची (विक्रीनंतर मिळणाऱ्या पावतीवरची) कपात हे सगळं राज्याचं. पैसे २४ तासांत मिळाले नाहीत तर आधी बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी तक्रार द्यायची आणि तिथं दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे. सोबत हिशोबपट्टीची प्रत हवीच. ‘नंतर देतो’ म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून घेणाऱ्याचं प्रकरण इथंच अडतं, कारण सौदा झाल्याचा पुरावाच नसतो.

तोच कांदा न्हावा शेवा बंदराकडे निघाला की सरकार बदलतं. आयात-निर्यात संघसूचीत ४१ वी आणि सीमाशुल्क ८३ वं. तिथंही खाती दोन आहेत. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही तो भाव) वाणिज्य मंत्रालयाचं परदेशी व्यापार महासंचालनालय काढतं, तर शुल्क अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग लावतो. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क आलं ते अर्थ मंत्रालयाकडून. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान मूल्य, म्हणजे तेव्हाच्या दरानं किलोला साधारण ६७ रुपये, आणि ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली ती वाणिज्यकडून. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क अशा दोन्ही अटी होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला.

शुल्क भरतो निर्यातदार, पण कापलं जातं शेतकऱ्याचं. परदेशातला खरेदीदार शुल्कासकट किलोला ४२ रुपयेच देणार असेल, तर ४० टक्क्यांच्या हिशेबानं मालाची किंमत उरते ३० आणि शुल्क १२. त्या ३० मधूनच गोणी, प्रतवारी, कंटेनरचं भाडं, वाटेतली घट आणि निर्यातदाराचा नफा निघतो. लिलावात बोली लावताना व्यापारी हे उलटं गणित डोक्यात ठेवूनच आकडा पुकारतो. विधानसभेनं एकमतानं ठराव केला तरी यातला एक रुपया हलत नाही, कारण तो ठराव दिल्लीला केलेली विनंती असते.

सगळ्यात गुंतागुंत समवर्ती सूचीत आहे. ३३ वी नोंद अन्नपदार्थांच्या व्यापाराची आणि पुरवठ्याची, १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनं आजच्या रूपात आलेली. जीवनावश्यक वस्तू कायदा यावरच उभा आहे. साठ्याची मर्यादा केंद्र ठरवतं, छापा मात्र राज्याचा पुरवठा विभाग टाकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळला २ टन अशी मर्यादा आली होती. मर्यादा लागली की व्यापारी खरेदीतून हात आखडता घेतो, आणि कांदाचाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) उन्हाळ कांदा धरून बसलेल्या शेतकऱ्याला ते त्याच आठवड्यात जाणवतं. २०२० चा बाजार समितीबाहेरच्या विक्रीचा केंद्रीय कायदाही याच नोंदीच्या आधारानं केला होता. ‘बाजार’ हा राज्याचा विषय असताना केंद्राला तो करता येतो का, यावर सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आलाच नाही. आधी स्थगिती आली आणि २०२१ अखेर कायदाच मागं घेतला गेला. हा प्रश्न तसाच उघडा राहिला हे माझ्या मते वाईट झालं.

नाफेडबद्दल तर गैरसमज फार. ती बहुराज्य सहकारी संस्था आहे, म्हणून जिल्हा उपनिबंधकाचा तिच्यावर अधिकार चालत नाही. राखीव साठ्याची खरेदी होते केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागासाठी आणि त्या खात्याचं काम ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हे. शेतकऱ्याला भाव मिळवून देणं हे त्याचं उद्दिष्टच नाही, हे लक्षात घेऊनच त्याच्याकडे मागणी करावी. गावात प्रत्यक्ष खरेदी करणारी शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तीही केंद्राच्या कंपनी कायद्याखालची.

अनुदान मात्र राज्य स्वतःच्या तिजोरीतून देऊ शकतं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ मधल्या विक्रीसाठी क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागं २०० क्विंटलपर्यंत, असं ते दिलं गेलं. अडलं ते सातबाऱ्यावर. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या मोबाईल पीकनोंदणीत, कांदा न नोंदवलेल्यांकडे विक्रीची पट्टी होती, पण पिकाची नोंद नव्हती. लागवड झाली की मोबाईलवरून ती नोंद करून ठेवा, अनुदान जाहीर होण्याची वाट पाहू नका.

निवेदनाचे कागद वेगळे करा. बंदी आणि किमान मूल्य वाणिज्य मंत्रालयाला, शुल्क अर्थ मंत्रालयाला, नाफेडची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाला, थकबाकी आणि कपात उपनिबंधकाला, अनुदान राज्याच्या पणन विभागाला. प्रत्येकावर अधिसूचनेची तारीख लिहा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेतून प्रत्येक प्रतीवर वेगळा शिक्का घ्या. पुढं माहिती अधिकारात ‘या अर्जाचं काय झालं’ असं विचारायला तोच आवक क्रमांक लागतो.